एक खरी शिवी

आमच्या घरमालकांनी आयुष्यभर लोकांची घरं जाळली, विधवांच्या धानाच्या बांध्या बळकावल्या, सख्ख्या भावाच्या दुधात विष कालवलं. आणि घरी विळीवर बायकोचं बोट जरासं कापलं, तरी ते डोळे मिटून भिंतीला टेकून उभे राहत. वहिनी स्वतःच हळद दाबायच्या, चिंधी बांधायच्या आणि सांगायच्या, "उघडा आता डोळे. झालं."

मुलांनो, तुमच्या आईनं फोनवर सांगितलं, की ईस्टरच्या सुट्टीत मित्राकडे येशूचा एक सिनेमा लावला होता. त्यातली मारहाण तुम्हा दोघांना बघवली नाही आणि तुम्ही उठून बाहेर जाऊन बसलात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्या ओळखीतल्या सर्वांत भयंकर माणसानंही त्याच गोष्टीवरचा एक सिनेमा कधी पाहिला नाही, क्षणभरसुद्धा नाही. तरी आमच्या भागात तो सिनेमा त्यांच्यामुळेच लोकांच्या लक्षात राहिला. हे कसं झालं ते नीट क्रमानं सांगायचा माझा विचार आहे. पण हा माणूस क्रमात बसणारा नव्हता, तेव्हा सांभाळून घ्या.

सावली गावच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. घर कौलारू होतं, पुढे ओटा, मागे विहीर. तिथल्या माझ्या पहिल्याच सकाळी विहिरीवरून असं काही हसणं ऐकू आलं, की मी हातातला कप खाली ठेवून धावत जिना उतरले. वहिनी मागच्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसा मॅडम. सावकाराचं हसणं चालू आहे. आमदाराचं बाकी आहे अजून."

घरमालक नाटकातले खलनायक होते. आमच्याकडे दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि होळीपर्यंत फिरतात. माणसं बैलबंडीनं, ट्रॅक्टरनं, पायी येतात, बारदानं अंथरून बसतात. या कंपन्यांत आमच्या घरमालकांनी सज्जनाचं काम एकदाही केलेलं नव्हतं. जंगलाकडचा हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख त्यांना नुसतं 'भाऊ' म्हणून ओळखत असे, आणि मीही त्यांना भाऊच म्हणू लागले. हसण्याचा रियाज ते रोज करत. शेजारी दूधवाल्याची वाट न बघता त्या हसण्यावरून चूल पेटवायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "खेळ काय पाहता, पब्लिक पाहा." आणि ते तसंच वागत. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे पाठ करून वऱ्हाडाकडे तोंड करून बसायचे. कीर्तनाला गेले तर बुवांना त्यांची पाठ. मी निवृत्त झाले तेव्हा कॉलेजात निरोपसमारंभ झाला. पहिल्या रांगेत बसवलं तर यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि माझं सगळं भाषण माझ्याकडे न पाहता ऐकलं. घरी परतताना म्हणाले, "चांगलं झालं तुमचं भाषण. मधातले दोन मास्तर झोपले होते, पण तोंड मिटून झोपले."

त्यांची श्रीमंती शिव्यांची होती. इतर नटांकडे शाली आणि सन्मानचिन्हं असतात. भाऊंच्या लक्षात असायचं ते कुठल्या गावी, कुठल्या प्रवेशाला, कुठल्या बाईनं काय म्हटलं ते. मूल गावी एक म्हातारी त्यांच्या सात पिढ्यांबद्दल काय बोलली. आरमोरीकडच्या एका गावात विहिरीवर बायकांनी त्यांना पाणी कसं पाजलं नाही. ब्रह्मपुरीकडे एक शेतकरी थेट रंगमंचावर चढून त्यांची गचांडी धरायला कसा आला, आणि नायकानंच मग यांना कसं वाचवलं. ते हे सांगताना त्या त्या माणसाच्या आवाजात शिवी देत आणि मग चव घेतल्यासारखे थोडा वेळ गप्प बसत. वहिनी मला एकदा हळूच म्हणाल्या होत्या, "लोकाईचे नवरे पगार आणतेत. माझा शिव्या आणते. पण कमी नाई पडू देल्ल्या कधी."

हे सगळं एका हिवाळ्यात बिनसलं.

सिंदेवाहीकडच्या एका गावी प्रयोग होता. विधवेची भांडी रस्त्यावर फेकून देण्याचा प्रवेश. भाऊ नेहमीप्रमाणे हसत पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर त्यांचा गुडघा लचकला. पडले नाहीत, पण हात हवेत गेले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई अगदी मायेनं म्हणाली, "हळू बाबूजी, पडसान ना." लोक हसले. टिंगलीनं नव्हे, घरच्या म्हाताऱ्याला हसतात तसे. मग ज्या विधवेची भांडी फेकायची तीच नटी पुढे झाली, आणि तिनं त्यांना हात दिला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर हसणं झालं नाही. त्यानंतरही नाही. वहिनींनी मला विचारलं, की नाटकातल्या माणसाचं हसणं परत येईल अशी कुठली गोळी असते का.

होळीच्या आसपास वडशाहून कंपनीचे मालक आले. चांगला माणूस, भाऊंच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला. चहा झाल्यावर त्यांनी फार जपून विषय काढला: पुढच्या हिवाळ्यासाठी नवं नाटक बसतंय आणि भाऊंसाठी एक छान काम राखलंय. नायिकेचे वडील. कष्टाळू, देवभोळे, तिसऱ्या अंकात खाटेवर झोपून मरतात.

"सज्जन?" भाऊंनी विचारलं.

"सज्जनच."

आत वहिनींच्या हातून वाटी पडली. मालकांनी मग खरं ते सांगून टाकलं. "भाऊ, वाईट नका वाटून घेऊ. पब्लिकले आता तुमची कीव येते. कीव आली की खलनायक संपला."

भाऊ बराच वेळ ओट्याच्या कडेला नखानं रेघ ओढत राहिले. मग त्यांनी सौदा केला. नवं नाटक बसायच्या आधी एक खरी शिवी पडली, तर खलनायकाचं काम त्यांचं. नाही पडली तर खाटेवर झोपून मरायला ते तयार. खरी म्हणजे कशी, हेही दोघांनी ठरवलं: देणारा नात्यातला नको, ओळखीतला नको, गमतीनं नको, आतून आली पाहिजे, आणि मालकांच्या कानांदेखत. मालक निघाले तेव्हा पायात चपला घालता घालता म्हणाले, "पण भाऊ, नाटकं तर बंद झाले आता. शिवी पडन कुठी?"  भाऊ मग चार-पाच दिवस बाजारात जाऊन लोकांना मुद्दाम धक्के मारून आले. लोक त्यांनाच विचारायचे, की लागलं का बाबूजी.

आता सिनेमा.

आमच्या गावात ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच, आणि त्यांचं प्रार्थनाघर म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेला एक हॉल. तिथे गडचिरोलीकडचे एक तरुण पास्टर नवीन आले होते. त्यांनी येशूच्या शेवटच्या दिवसावरचा एक परदेशी सिनेमा कुठूनसा मिळवला आणि ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत तो गावाला दाखवायचं ठरवलं. मी त्या पंथाची नाही, पण नागपूरला मिशनच्या शाळेत शिकले, त्यामुळे गोष्ट मला पाठ. मला बोलावणं आलं. भाऊ निमंत्रण नसताना आले. त्यांनी खुर्ची पडद्याखाली नेली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

त्या सिनेमातली माणसं अशा जुन्या भाषेत बोलत, की ती आमच्याकडे कोणाला कळण्याचा संभव नाही. खाली इंग्रजी अक्षरं. आणि मार. मुलांनो, तो मार मी वर्णन करत नाही. तुम्ही उठून गेलात यावरूनच तुम्हाला तो ठाऊक आहे. चाबकाला लोखंडी आकडे आहेत एवढं पाहिलं आणि मी चष्मा पुसायला घेतला तो पुसतच राहिले.

लोकांचं काय झालं? बायांनी पदर तोंडावर घेतले आणि तशाच बसून राहिल्या. दवाखान्यात काम करणारा एक जण बाहेर जाऊन ओकला. मागे बसलेले तरुण कुजबुजत होते, की हे रक्त म्हणजे रंग आहे, बनवायला सोपं असतं. एक वयस्क गृहस्थ उठून मला म्हणाले, की हा हिरो उलटून एकही हात मारत नाही, मग एवढा मोठा पिच्चर काढला कशाला. संपायच्या आत अर्धा हॉल रिकामा झाला होता. उरलेल्यांत एकाच्याही डोळ्याला पाणी नव्हतं. पास्टरांनी दिवा लावला तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. बाजाराच्या गावी, नदीच्या बाजूला, मोकळ्यावर मोठा पडदा लावून हाच सिनेमा पुन्हा दाखवायचा असं त्यांनी सरपंचांना कबूल केलं होतं.

भाऊ मात्र उठून थेट त्यांच्याकडे गेले. त्यांच्या चालण्यात कित्येक आठवड्यांनी जोर दिसला. "पास्टर, तुमची पब्लिक मेली. काऊन मेली सांगतो. मार पाहून माणूस डोळे मिटते. मारणारा पाहिला तर डोळे उघडते. तुमच्या पिच्चरमंदी मारणारा दिसूनच नाई राह्यला."

पास्टर म्हणाले, दिसतो की, शिपाई आहेत.

"नाव काय त्याचं? घरी कोण आहे त्याच्या? जेवला का तो सकाळी?"

पास्टर माझ्याकडे पाहू लागले. मी सांगितलं, की पुस्तकात हे काही दिलेलं नाही.

"मग बिननावाच्या माणसावर कोणाले राग येईन?" भाऊ म्हणाले. "माईक द्या मले. या पिच्चरले खलनायक नाई. तो मी बनतो."

पास्टरांना रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी ते ओट्यावर आले आणि एकच अट घातली: प्रभूच्या तोंडी एक शब्दही जास्तीचा घालायचा नाही. भाऊंनी कानाच्या पाळीला हात लावला. प्रभूच्या तोंडचं आपण मुळी बोलणारच नाही, म्हणाले; खलनायकाच्या गळ्यातून देवाचा आवाज काढू नये, दोघांचंही नुकसान होतं. ते काम मॅडम करतील.

झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर हा लपवायचा प्राणी नाही. तो पुढे बसतो, वाक्य पुरवतो, नट त्याच्याकडून उचलतो आणि पब्लिकवर फेकतो. मी भाऊंची प्रॉम्प्टर झाले. तालमी आमच्या ओट्यावर झाल्या. माझा लॅपटॉप पाटावर, माझं तोंड त्याच्याकडे, आणि भाऊंची पाठ. मी खालची अक्षरं वाचून मराठीत सांगायची, पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. ते डोळे मिटून ऐकत आणि मग बोलत. मार सुरू झाला की मी फक्त "आता" म्हणायचं, आणि रक्ताबद्दल अवाक्षर काढायचं नाही. एकदा माझ्या तोंडून "ओघळ" हा शब्द निघाला तर ते विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

निरोप वडशाला गेला. मालक येतो म्हणाले.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. बाया-माणसं पहाटे अंधारात फुलं वेचायला निघतात आणि खेळाहून रात्री परतायचं तर वाघाची भीती, म्हणून दिवेलागण होताच खेळ सुरू करून लवकर संपवायचा असं ठरलं. बाजाराच्या ओट्यांमागे पांढरा पडदा ताणला होता. मैदान भरलं. कुणबी आले, बौद्ध वस्ती आली, नदीकाठचे मासेमार ढिवर आले, ख्रिस्ती कुटुंबं कोपऱ्यात अंग चोरून बसली. आमच्याकडे खेळ म्हटलं की खेळ. कोणाचा, हे नंतर विचारतात. मालक बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसले. भाऊ पडद्याखाली मधोमध उभे राहिले, काळा सदरा, हातात माईक, पाठ पडद्याला. मी त्यांच्या पायाशी बैठकीवर, दुसरा माईक घेऊन. प्रोजेक्टरपाशी पास्टर.

सुरुवात वाईट झाली. देवळातल्या पुजाऱ्यांची वाक्यं भाऊंनी सावकाराच्या आवाजात फेकली. लोकांनी ऐकून घेतली. मरणाची शिक्षा देऊन रोमन सुभेदार हात धुतो तिथे आमदाराचं हसणं काढलं. थोडं हसू आलं. आणि मग पुढून एक बाई म्हणाली, की बाबूजी केव्हाचे उभे आहेत, त्यांना खुर्ची द्या ना कोणी. लगेच दोघं खुर्ची घेऊन आले. भाऊंनी ती पायानं मागे ढकलली. मी मालकांकडे पाहिलं. ते शेंग सोलत होते आणि त्यांची नजर खाली होती. त्यांनाही वाईट वाटत होतं हेच जास्त वाईट होतं.

मी म्हटलं, "आता."

भाऊंनी पास्टरांना हातानं खूण केली. सिनेमाचा आवाज बंद झाला. चाबकाचा नाही, किंकाळीचा नाही, कसलाच आवाज उरला नाही. पडद्यावर ते सगळं मुक्यानं चाललं होतं आणि त्याच्या खाली भाऊ उभे होते. त्यांनी हसणं काढलं नाही. आवाज चढवला नाही. घरी बायकोशी बोलावं तसं ते बोलू लागले.

"हात दुखून राह्यला बा माझा. सकाळपासून हेच काम. साहेबानं सांगितलं मार, तं मी मारून राह्यलो; याच्यात माझं काय? याले मी ओळखत पण नाई. संध्याकाळी मजुरी भेटन, पोरीले बुंदी नेईन. तिले आवडते बुंदी."

मैदानात कुठेतरी बांगड्या वाजल्या, मग त्याही थांबल्या. बायांनी पदर तोंडावरून काढले होते. त्या भाऊंकडे पाहत होत्या.

"पण हा ओरडून काऊन नाई राह्यला?" भाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज किंचित घसरला. "ओरड ना रे. सगळे ओरडतेत. तू ओरडला तं मले बरं वाटन."

हे आमच्या तालमीत नव्हतं. मला पुढचं काही पुरवावंच लागलं नाही. तो शिपाई त्यांनी टेकडीपर्यंत नेला. वाटेत तो तंबाखू मळत होता, जोडीदाराला घरच्या गोष्टी सांगत होता, क्रूसाचं लाकूड कुठल्या झाडाचं आहे यावर बोलत होता. मध्येच पडलेल्या माणसाला पायानं डिवचत म्हणत होता, की उठ गड्या, तुझ्यापायी आम्हाले उशीर होऊन राह्यला. मैदानातून एक गुरगुर येऊ लागली. माझ्या ओळखीचा हा आवाज नव्हता; वर्गात तो कधी येत नाही. वर टेकडी आली, लाकूड आडवं झालं. मी "आता" म्हटलं की नाही मला आठवत नाही.

"हात धर रे त्याचा नीट," भाऊ जोडीदाराला म्हणाले. "हलला की खिळा वाकते. मंग दुसरा कोण देईन आपल्याले?" आणि मग ते हसले. लहानसं, कामात असलेल्या माणसाचं हसणं.

"तुझ्या हाताले किडे पडन, मेल्या."

मधल्या रांगेतून एक म्हातारी उभी राहिली होती. नऊवारी, कपाळ रिकामं, हातात चप्पल. ती भाऊंना ओळखत नव्हती. ती पडद्याकडे बघतही नव्हती. "बुंदी खातं तुझं लेकरू? तेच हात लावशील तिले, मुडद्या?" याच्या पुढचं मी लिहीत नाही. तुमच्या आईला मी ते एकदा सांगितलं आहे. योग्य वयात ती सांगेल. मग दुसरी उठली, तिसरी उठली, आणि पाहता पाहता सगळं मैदान पायांवर. कोणी म्हणे पकडा त्याले, कोणी म्हणे पाणी तरी पाज त्याले लेका. एका दांडग्या माणसानं पडद्याकडे बोट दाखवून भाऊंना बजावलं, की सोड त्याले, आत्ताच्या आत्ता सोड. वर तो माणूस लाकडाला खिळलेला, आणि त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नाही. सगळे मारणाऱ्यावर चालून आलेले. प्रोजेक्टरपाशी पास्टर दोन्ही हात डोक्याला लावून उभे. मालकांच्या मांडीवरून शेंगा सांडल्या होत्या.

भाऊ जागचे हलले नाहीत. म्हातारी त्यांच्यापासून हातभर अंतरावर आली आणि तिनं चप्पल उचलली. मी खाली बसल्याबसल्या भाऊंचा चेहरा पाहिला. असा सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली, आणि ती वाचायचं काम माझं होतं.

ते वाक्य पास्टरांनी मला शुद्ध मराठीत लिहून दिलं होतं आणि मी ते घोटलंही होतं. पण इतका वेळ भाऊंना त्यांच्या बोलीत शब्द पुरवून माझी जीभ तिकडेच वळली होती. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हटलं, "बापा, याईले माफ कर. हे काय करून राह्यले, ते याईले समजत नाई."

म्हातारीचा हात वरच राहिला. तिनं पहिल्यांदा मान उचलून पडद्याकडे पाहिलं. तिच्यामागे सगळ्यांनी पाहिलं. हे त्यानं म्हटलं, त्या वरच्यानं, याच्याबद्दल, हे एकेकाच्या लक्षात येत गेलेलं मला दिसत होतं. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ते धानावरून वारं जावं तसं गेलं. दांडगा माणूस मटकन खाली बसला आणि गमछ्यात तोंड घालून रडू लागला. म्हातारीनं चप्पल खाली टाकली, पायात सरकवली, आणि भाऊंच्या तोंडासमोर बोट नाचवत म्हणाली, "त्यानं सोडलं म्हणून सुटला तू. ध्यानात ठेव." मग ती तिथेच, भाऊंच्या पुढ्यात, मातीत बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही.

त्यापुढे आम्हा दोघांनाही फारसं बोलावं लागलं नाही. सिनेमा संपला तेव्हा जागेवरून एकही माणूस गेलेला नव्हता. जाताना लोक बॅटऱ्या लावून घोळक्यानं निघाले. पास्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, "मॅडम, मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो. पण त्याच्यासाठी कोणी चप्पल काढलेली मी आज पाहिली." त्यांचा चेहरा उजळला होता.

मालक पुढे आले. त्यांनी आधी वाकून भाऊंच्या पायाला हात लावला. "भाऊ, पार्ट तुमचा."

"कोणता?" भाऊंनी विचारलं. त्यांना ते ऐकायचं होतं.

"खलनायकाचा."

"आणि खाटेवर कोण मरन?"

"मी मरतो," मालक म्हणाले.

परतीच्या गाडीत मला वाटलं भाऊ आता त्या शिवीची चव घेत गप्प बसतील. पण ते माझ्यावर रुसले होते. त्यांचा घसा पार बसला होता, खरखरत म्हणाले, "मॅडम, एवढ्या मेहनतीनं शिवी काढली मी. चप्पल उचलली होती तिनं. आणि तुम्ही मले माफ करून टाकलं."

मी म्हटलं, की मी नाही, पडद्यावर होतं ते.

"पडद्यावर असन. पण तुम्ही असं म्हटलं का मलेच रडू आलं. खलनायकाले रडू आलं तं पब्लिकनं काय करावं?" सावलीचे दिवे दिसू लागल्यावर त्यांनी विचारलं, की शेवटी त्याचं काय झालं, मेला का तो. आमच्या तालमी खिळ्यांपाशीच थांबायच्या आणि पडद्याकडे त्यांची पाठ, त्यामुळे त्यांना ठाऊकच नव्हतं. मेला, मी सांगितलं, आणि तिसऱ्या दिवशी उठला.

"उठला?" ते चकित झाले. मग मागे रेलून त्यांनी समाधानानं पाय लांब केले. "मंग ठीक आहे. एवढं मारूनही जो उठते, त्याच्यापुढं हरलं तं खलनायकाची इज्जत जात नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येत नव्हतं, तरी ते विहिरीवर गेले. हसण्याचा आवाज आला नाही. वहिनींनी मला बोलावून दाखवलं, ते आवाजाशिवाय हसत, नुसतेच खांदे हलवत उभे होते.

हिवाळ्यात नव्या नाटकाचा पहिला प्रयोग नदीकडच्याच एका गावी लागला. वहिनी आणि मी बारदान घेऊन पुढे जाऊन बसलो. नायिकेचे वडील म्हणून मालक छान खोकत होते. शेजारी एक अनोळखी बाई मांडीवर नात घेऊन बसली होती. पहिला अंक अर्धा झाला असेल, आणि विंगेतून भाऊ आले. काळा सदरा, हातात काठी, गुडघ्याला आत पट्टा बांधलेला, तो कोणाला दिसत नव्हता. ते मधोमध येऊन थांबले आणि त्यांनी पब्लिककडे पाहिलं.

शेजारच्या बाईनं नातीला छातीशी धरलं. "पाह्य, हाच तो," ती म्हणाली, "यानंच मारलं त्या बिचाऱ्या येशूले." मागून एक जण ओरडला, दुसऱ्या बाजूनं बाया उठल्या, आणि सगळ्या मैदानातून शिव्या पडू लागल्या, मूठमूठ, ओंजळओंजळ. वहिनी माझा हात दाबून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. भाऊंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.